आकडा कोणाचा आणि ठेवायचा कोठे?



वसंतातल्या या ज्ञानसत्रात इतिहासावर बोलायला उभे राहणारे बहुधा प्राध्यापक असतात. मी प्राध्यापक नव्हे, पदवीधरही नव्हे. माझे शाळेतील शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा करू नका. जे सांगेन ते पडताळून सांगेन, एवढेच वचन देतो.

विषय गणकयंत्रांच्या, म्हणजे आज आपण ज्यांना संगणक म्हणतो त्यांच्या, इतिहासातला आहे. यंत्र केवढे मोठे होते आणि किती वेगाने चालत होते ही कथा पुष्कळांनी सांगितली आहे. मला सांगायची आहे ती यंत्राच्या पोटातील आकड्याची कथा. आकडेमोड चालू असताना एखादा आकडा कोणाचा असतो? त्याला हात कोणी लावायचा आणि कोणी लावायचा नाही? आणि काम थांबले म्हणजे तो ठेवायचा कोठे? प्रश्न कोरडे वाटतील. म्हणून ते मला कसे भेटले ते आधी सांगतो.

एका पगारपत्रकाची गोष्ट

१९९६ साल. आमची संघटना ज्या एका कारखान्यात होती तेथे हाताने लिहिलेली पगारपत्रके जाऊन संगणकावरची निघू लागली. चौथ्या महिन्यात एक वयस्क फिटर, ज्यांना आम्ही सारे काका म्हणत असू, पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "अरे, मी जन्मात कधी उचल घेतली नाही. मग हे तीनशे रुपये उचलीपोटी कापले ते कोणाचे?" आम्ही कचेरीत गेलो. उत्तर मिळाले की यंत्राची चूक होत नसते, काकांनाच विसर पडला असेल.

त्या रात्री खात्यातील जेवढ्या चिठ्ठ्या मिळाल्या तेवढ्या आम्ही गोळा केल्या आणि संघटनेच्या खोलीत जमिनीवर बिल्ला क्रमांकाने ओळीने मांडल्या. मग उलगडा झाला. बिल्ला ४११ च्या माणसाने खरोखरच तीनशेची उचल घेतली होती. पण त्याच्या पुढच्या आठही जणांचे तीनशे कापले गेले होते. बिल्ला ४२० ने दीडशे घेतले होते. तेथून पुढे, दुसरा उचल घेणारा येईपर्यंत, सर्वांचे दीडशे. उचल एकाने घ्यायची आणि रांगेत त्याच्या मागे उभे राहिल्याबद्दल दंड दुसऱ्याने भरायचा, असा तो न्याय होता.

आज्ञावली लिहिणारा तरुण प्रामाणिक होता. त्याने कागदावर चौकोन काढून समजावून दिले. यंत्रात 'उचल' या नावाची एक जागा होती. ज्याच्या नावावर उचल असेल त्याचा आकडा तेथे भरला जाई. ज्याच्या नावावर नसेल त्याच्यासाठी ती जागा आधी शून्य करायला हवी होती. ती एक ओळ लिहायची राहिली होती. म्हणून आधीच्या माणसाचा आकडा तेथेच बसून राहिला आणि पुढच्या माणसाच्या पगारात शिरला. यंत्राने बेरीज-वजाबाकी बिनचूक केली होती, पण ती दुसऱ्याच्या आकड्याने केली होती.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा माग काढू लागलो. आणि असे आढळले की हा प्रश्न यंत्रापेक्षा जुना आहे. तो आकडेमोड करणाऱ्या माणसांच्या खोलीत जन्माला आला आहे.

पॅरिसचे हिशेबनीस

राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९१ साली, फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी या अभियंत्याने एक प्रचंड काम अंगावर घेतले. नव्या दशमान पद्धतीला धरून लॉगरिथम आणि त्रिकोणमितीची कोष्टके तयार करायची होती. एका माणसाच्या आयुष्यात ते होणे नव्हते. प्रोनींना अॅडम स्मिथच्या ग्रंथातील टाचण्यांच्या कारखान्याचे वर्णन ठाऊक होते. तसाच कारखाना त्यांनी आकड्यांचा काढला. वरच्या थरात मोजके गणिती, त्यांनी सूत्रे निवडायची. मधल्या थरात सात-आठ जाणकार, त्यांनी सूत्रांचे आकडे करून कागद आखून द्यायचे. खालच्या थरात साठ-ऐंशी हिशेबनीस. त्यांना बेरीज आणि वजाबाकी आली की पुरे.

केवळ बेरजेवर एवढे गणित कसे होई? एक साधे उदाहरण घ्या. वर्गसंख्या १, ४, ९, १६ अशा जातात. त्यांतील फरक ३, ५, ७. आणि फरकांतील फरक सदैव २. आता १६ नंतरचा वर्ग हवा असेल तर गुणाकार नको. ७ मध्ये २ मिळवा, ९ झाले. १६ मध्ये ९ मिळवा, २५ झाले. म्हणजे काम पुढे चालवायला तीनच आकडे लागतात: शेवटची किंमत, शेवटचा फरक आणि कायमचा फरक. एवढे तीन आकडे कागदावर लिहून ठेवले की हिशेबनीस घरी जाऊ शकतो, आजारी पडू शकतो. दुसरा माणूस तेथूनच पुढे जाईल. काम थांबवताना नेमके काय जपून ठेवले पाहिजे, या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे आढळले नाही.

मात्र याच पद्धतीत एक धोकाही आहे. एक बेरीज चुकली की तिच्या खालच्या साऱ्या चुकतात. त्यावर प्रोनींची तोड अशी की आरंभीचे आकडे मधल्या थराने काढून द्यायचे, आणि तेच काम दोन तुकड्यांनी एकमेकींपासून अलग राहून करायचे. मग दोन्ही उत्तरे ताडून पाहायची. एकाची चूक दुसऱ्याच्या कागदात शिरू नये म्हणून मध्ये भिंत घातली होती. ही कोष्टके हस्तलिखित स्वरूपातच राहिली, पूर्ण कधी छापली गेली नाहीत. पण कामाची रीत राहिली.

कोठार आणि गिरणी

ती रीत इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने उचलली. १८३२ साली त्याने यंत्रे आणि कारखानदारी यांच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला, त्यात प्रोनींच्या या श्रमविभागणीचे वर्णन आहे. बॅबेजचा विचार सरळ होता: खालच्या थराचे काम इतके ठरीव असेल तर ते यंत्राने का करू नये? आम्हा कामगारांच्या कानाला हे वाक्य ओळखीचे वाटते. ते इतके जुने आहे.

पुढे त्याने आखलेल्या वैश्लेषिक यंत्राचे दोन भाग होते. एक कोठार, तेथे आकडे ठेवायचे. दुसरी गिरणी, तेथे ते दळायचे. यंत्र पूर्ण झाले नाही. परंतु १८४२ साली इटलीच्या मेनाब्रेया याने त्यावर फ्रेंच भाषेत लेख लिहिला आणि १८४३ मध्ये एडा लव्हलेस या बाईंनी तो इंग्रजीत आणताना त्याला मूळ लेखाहून मोठ्या टिपा जोडल्या. शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढण्याचे एक कोष्टक आहे. त्यात कोठारातील खांबांचे तीन गट पाडले आहेत: बाहेरून दिलेले आकडे, कामापुरते आकडे आणि उत्तराचे आकडे. खांबातील किंमत बदलली की त्याच्या खुणेशेजारचा अंक एकाने वाढवायचा, म्हणजे ही त्याची कितवी किंमत आहे ते दिसावे. शिवाय कोठारातून आकडा गिरणीकडे नेताना तो मूळ जागी जपून ठेवायचा की ती जागा शून्य करायची, हेही दर वेळी सांगावे लागे.

श्रोतेहो, काकांच्या तीनशे रुपयांचा न्याय या एका तक्त्यात आहे. उचल हा कामापुरता आकडा होता; एका माणसाचे काम संपताच तो शून्य व्हायला हवा होता. १८४३ साली जे कागदावर स्पष्ट मांडले गेले होते ते १९९६ साली आमच्या कारखान्यात कोणी विचारले नाही.

वीस आकड्यांचे यंत्र

माणसांच्या खोल्या मात्र पुढे शंभर वर्षे चालू राहिल्या. १९३८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून एक गणिती कोष्टक प्रकल्प निघाला. आर्नल्ड लोवन त्याचे संचालक, गर्ट्रूड ब्लँच गणिताच्या प्रमुख. भरात असताना तेथे साडेचारशे माणसे काम करीत. पुष्कळांचे शिक्षण बेताचेच होते, म्हणून धन आकडे काळ्या पेन्सिलीने आणि ऋण आकडे तांबड्याने लिहायचे, अशा सोप्या खुणा होत्या. कामाचा तक्ता ब्लँचबाई इतक्या बारकाईने आखीत की प्रत्येकाला आपला रकाना तेवढा ठाऊक असे.

मग विजेची यंत्रे आली. अमेरिकेतील एनिॲक हे यंत्र १९४५ मध्ये तयार झाले. त्यात सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या. पण बदलते आकडे ते पोटात ठेवू शकत असे अवघे वीस, प्रत्येकी दहा अंकांचे. १९५० च्या मार्चमध्ये चार्नी, फ्योर्टोफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी त्यावर हवामानाचा अंदाज गणिताने काढून पाहिला. नकाशावर शेकडो ठिकाणे आणि यंत्रात जागा विसांना! तेव्हा दर टप्प्याचे आकडे कार्डांवर भोके पाडून बाहेर काढायचे, ती कार्डे दुसऱ्या यंत्रांवर लावून घ्यायची आणि पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा आत घालायची. चोवीस तासांच्या चार अंदाजांसाठी सुमारे एक लाख कार्डे लागली. चोवीस तासांच्या अंदाजाला जवळजवळ चोवीसच तास लागत, आणि त्यातला मोठा भाग कार्डांची उचलठेव करण्यात जाई. आकडा जपून ठेवणे ही त्या काळी अक्षरशः हमाली होती.

भिंती आणि सामाईक नळ

यंत्राचे कोठार वाढले तशी दुसरी अडचण उभी राहिली. केंब्रिजच्या एडसॅक यंत्रावर १९४९ च्या मे महिन्यात पहिली आज्ञावली चालली. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी तेथे छोट्या छोट्या तयार आज्ञावल्यांचा संग्रह केला. वर्गमूळ काढायचे, उत्तर छापायचे, असे एकेक काम एकदाच लिहायचे आणि सर्वांनी वापरायचे. त्यांना सबरूटीन म्हणतात. पण दुसऱ्याने लिहिलेले सबरूटीन तुमच्या आज्ञावलीत आले की ते स्वतःचे कच्चे आकडे कोठे लिहिणार? तुमचा आकडा ज्या जागेत आहे तेथेच त्याने लिहिले तर? म्हणून कोणती जागा कोणाची याचे करार करावे लागले. ते करार फक्त माणसांच्या शिस्तीवर उभे होते.

१९५७ मध्ये आय.बी.एम. कंपनीतील जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ट्रान ही भाषा दिली. आता जागेच्या क्रमांकाऐवजी नाव लिहिता येऊ लागले. पुढच्याच वर्षी फोर्ट्रानच्या दुसऱ्या आवृत्तीत सबरूटीने स्वतंत्रपणे लिहिण्याची सोय आली. प्रत्येक सबरूटीनातील नावे त्याची स्वतःची. एकाचा 'वेग' दुसऱ्याच्या 'वेगा'ला ओळखत नाही. चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे म्हणा. पण सर्वांना लागणाऱ्या आकड्यांचे काय? त्यांच्यासाठी 'कॉमन' नावाची सामाईक जागा ठेवली. चाळीचा सामाईक नळ! त्याचे सुख आणि भांडण दोन्ही आपल्या ओळखीचे. त्यातही मेख अशी की सामाईक जागेतील आकडे नावाने नव्हे, क्रमाने ओळखले जात. एका सबरूटीनाने पहिला आकडा लांबी आणि दुसरा रुंदी मानला, दुसऱ्याने उलट मानले, तर यंत्र तक्रार करीत नसे. निमूटपणे चुकीचे उत्तर देई.

१९६० च्या जानेवारीत युरोप-अमेरिकेतील तेरा जाणकार पॅरिसमध्ये जमले आणि अल्गोल-६० ही भाषा ठरली. पीटर नाउर यांनी तिचा अहवाल संपादित केला. तिच्यात आरंभ आणि शेवट या दोन शब्दांमध्ये एक ठोकळा बांधता येई. ठोकळ्यात जाहीर केलेले नाव त्या ठोकळ्यापुरतेच. बाहेर पडताच त्याची मुदत संपली. प्रत्येक नाव आधी जाहीर केलेच पाहिजे असाही नियम होता. फोर्ट्रानमध्ये तसा नव्हता. हात चुकून एक अक्षर वेगळे पडले की यंत्र तो नवाच आकडा समजे आणि पुढे जाई.

परंतु काही आकडे ठोकळ्याबाहेर पडल्यावरही जपावे लागतात. गिरणीत पाळी बदलते तेव्हा माग रिकामा करून ठेवीत नाहीत. जेथपर्यंत कापड विणले तेथून पुढची पाळी सुरू होते. अशा आकड्यांना अल्गोलने 'स्वतःचे' असा शिक्का दिला: ठोकळ्यात पुन्हा आलात की मागची किंमत तेथेच सापडेल. कल्पना उत्तम, पण एक उणीव राहिली. त्या आकड्याची पहिली किंमत कोठून आणायची, हे त्या भाषेत नीट सांगता येत नसे. आमच्या उचलीच्या जागेचा हाच प्रश्न होता.

फोर्ट्रानमधली कथा अधिक बोधप्रद आहे. १९६६ च्या प्रमाणपत्रानुसार सबरूटीन संपले की त्यातील स्थानिक आकड्यांचा भरवसा संपला. परंतु त्या काळच्या बहुतेक यंत्रांवर त्यांची जागा कायम असे, आणि जुना आकडा तेथे आपोआप टिके. लोक या अनुग्रहालाच हक्क समजू लागले. पुढे नव्या पद्धतीने जागा वाटणारी यंत्रे आली आणि वर्षानुवर्षे बिनचूक चाललेल्या आज्ञावल्या वेडीवाकडी उत्तरे देऊ लागल्या. फोर्ट्रान-७७ या प्रमाणात, जे १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले, 'सेव्ह' हा शब्द आला: जो आकडा जपायचा असेल तो नाव घेऊन सांगा. मालकाच्या मर्जीवर चाललेली सवलत आणि करारात लिहिलेला हक्क यांत काय अंतर आहे, हे संघटनेच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तेच अंतर येथे आहे.

छापलेले तीन अंक

आता जपून ठेवण्याच्या दुसऱ्या अंगाकडे येतो. १९६१ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत एडवर्ड लोरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ एका लहान गणकयंत्रावर हवेचे गणित चालवीत होते. एक जुना हिशेब त्यांना पुन्हा पाहायचा होता. आरंभापासून सुरू करण्याऐवजी त्यांनी मध्यावरचे छापील आकडे घेतले, ते यंत्रात भरले आणि कॉफी प्यायला गेले. तासाभराने येऊन पाहतात तो नवे हवामान जुन्याहून सर्वस्वी निराळे! प्रथम त्यांना वाटले की यंत्राची एखादी नळी गेली असावी. पण यंत्र ठीक होते. यंत्राच्या पोटात आकडा होता ०.५०६१२७, जागा वाचवण्यासाठी छापला होता ०.५०६. आरंभी न जाणवणारा तो फरक वाढत वाढत गेला आणि दोन हवामानांचा काही संबंधच उरला नाही.

या घटनेतून लोरेन्झ यांनी मोठा सिद्धांत काढला आणि १९६३ मध्ये तो प्रसिद्ध केला. लांब पल्ल्याच्या हवामान-अंदाजाला मर्यादा का आहे ते त्यातून जगाला कळले. पण मी त्यातला लहान धडा घेतो. त्यांनी जपून ठेवला तो मूळ आकडा नव्हता, त्याचा सारांश होता. वाचायला तीन अंक पुरतात. काम पुढे चालवायला पुरत नाहीत. आजच्या संगणकांत सर्रास वापरला जाणारा चौसष्ट बिटांचा आकडा छापून पुन्हा जसाच्या तसा परत मिळवायचा असेल तर सतरा सार्थ अंक लिहावे लागतात. म्हणून जाणते लोक दोन प्रती ठेवतात: एक माणसाने वाचण्यासाठी आणि एक यंत्राने पुन्हा उभे राहण्यासाठी.

आपल्याकडे

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच वर्षांत एक गणकयंत्र बांधले जात होते. ते १९६० मध्ये पूर्ण चालू झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्याच्या कोठारात २०४८ जागा होत्या. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सी.डी.सी. ३६०० हे मोठे परदेशी यंत्र आले. त्याच दशकात आयुर्विम्याच्या कर्मचाऱ्यांनी गणकयंत्रांविरुद्ध लढा दिला. तो भाकरीचा लढा होता आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. परंतु आम्हा संघटनावाल्यांची एक चूक मला कबूल केली पाहिजे. यंत्र यावे की न यावे यावर आम्ही खूप भांडलो. ते आल्यावर त्याच्या पोटात आपला आकडा कोणत्या जागेत ठेवला जातो, त्या जागेला कोण हात लावते, मागचा आकडा किती दिवस राहतो, हे विचारायचे आम्हाला सुचले नाही. ते काम आम्ही तज्ज्ञांचे समजलो. वास्तविक ते प्रोनींच्या हिशेबनिसांचे आणि न्यूयॉर्कच्या बेकारांचे काम होते. ते आपलेच होते.

काकांच्या गोष्टीचा शेवट सांगतो आणि थांबतो. चूक पटल्यावर कचेरीने ती ओळ घातली आणि त्या महिन्याचे पैसे परत दिले. आम्ही विचारले, आधीच्या तीन महिन्यांचे काय? तेव्हा कळले की दर महिन्याचा हिशेब मागच्या महिन्याच्या हिशेबावरच लिहिला जात होता. यंत्रात चालू महिना तेवढा शिल्लक होता. आधीचे पुसले गेले होते. हाताने लिहायची वही तर यंत्र आल्याबरोबर बंद झाली होती.

दुसऱ्या दिवशी काका बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात त्यांच्या नोकरीतील एकूण एक चिठ्ठी दोऱ्याने बांधून ठेवलेली होती. आधीच्या तीनपैकी दोन महिन्यांत त्यांचे पैसे कापले गेले होते. कामाच्या घाईत त्यांनी पाहिले नव्हते, पण चिठ्ठ्या टाकल्याही नव्हत्या. ते पैसे त्यांना मिळाले. ज्यांनी ज्यांनी चिठ्ठ्या ठेवल्या होत्या त्यांना मिळाले. ज्यांनी ठेवल्या नव्हत्या त्यांना आम्ही काही मिळवून देऊ शकलो नाही, आणि असे बरेच होते.

त्यानंतर आमच्या संघटनेने प्रत्येक करारात दोन कलमे घालायला सुरुवात केली. पगाराचा प्रत्येक आकडा कोठून आला ते कामगाराला मागताक्षणी दाखवावे. आणि कोणत्याही महिन्याचा हिशेब पुसण्यापूर्वी त्याची पूर्ण प्रत वेगळी ठेवावी. ही कलमे लिहिताना माझ्यासमोर एडाबाईंचा तक्ता होता आणि काकांचा डबा होता.